अक्षतेच्या दिवशी धाकट्याने नाकात शेंगदाणा घातला आणि दवाखान्यात मला हसू आवरेना. चुकलं का माझं?

शिलाईवाली_आई

परवाचा भोगीचा दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं घर सोलापुरात, बाळीवेशीजवळच्या गल्लीत. घरात सासू-सासरे, हे, नऊ वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा. मी घरीच नगावर शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. २६ जानेवारीच्या कवायतीसाठी पांढऱ्या शर्टांची ऑर्डर होती, ४० नग. भोगीच्या आदल्या रात्री एकपर्यंत बसून ते संपवले आणि गठ्ठा बांधून मशीनशेजारी ठेवला.

सोलापूरबाहेर राहणाऱ्यांसाठी सांगते. आमचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत भोगीला अक्षता सोहळा असतो. हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्या, निघतात, सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यापाशी येतात आणि दुपारी तिथे सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं. सगळं गाव पांढरे कपडे घालून अक्षता टाकायला जमतं. त्याच्या आदल्या दिवशी शहरातल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक असतो. माझ्या दिवसाची सुरुवात त्या तैलाभिषेकापासूनच झाली, कारण धाकटा ह्यांच्या खांद्यावर बसून तो बघून आला होता.

भोगीला पहाटे चारला नळाला पाणी आलं. आमच्याकडे ते रोज येत नाही, त्यामुळे आलं की सगळं सोडून भरावं लागतं. हे पाच वाजता बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) चढवून नंदीध्वजाच्या सेवेला गेले, मोबाईल घरी ठेवून. दिवस वर आला तरी कामं उरकेनात. सासूबाई भाकरीच्या पिठात तीळ मिसळत होत्या. मी बादल्या उचलतेय, थोरलीची वेणी अर्धी राहिलीय, आणि धाकट्याचा आवाज नाही. चार वर्षांच्या पोराचा आवाज नाही म्हणजे काय, हे आयांना सांगायला नको.

तो पुढच्या खोलीत होता. अभ्यंगासाठी काढून ठेवलेली तिळाच्या तेलाची बाटली त्याच्या हातात. गॅसच्या जादा सिलिंडरला तेल. वरवंट्याला तेल. मिक्सरच्या भांड्याला, सासऱ्यांच्या तांब्याला, माझ्या मशीनच्या चाकाला तेल. तोंडाने मोजणी चालू: "दहा, अकरा, बारा, अडुसष्ट." त्याला बारापर्यंतच येतं, पुढचा आकडा त्याने आदल्या दिवशी ऐकलेला. सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनाही लावून झालं होतं. त्या म्हणाल्या, "गुडघ्याला लावलास ते बरं केलास रे."

आणि शर्टांचा गठ्ठा. तो सोडून त्याने एकेक शर्ट लिंगांखाली आसन म्हणून अंथरला होता. ४० पैकी २२ शर्ट तेलात. १६ तारखेला द्यायचे होते.

मी हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. तो मागे सरकला, त्याचे ते डोळे मला अजून दिसतात. मग मी त्याला ओढत स्वयंपाकघरात नेलं, कोपऱ्यात बसवलं, पुढ्यात भोगीच्या भाजीसाठीच्या शेंगा टाकल्या आणि म्हणाले, "सोलत बस. हलायचं नाही." हे मुद्दाम लिहितेय, कारण तो शेंगदाणा त्याच्या हातात मीच दिला.

दहा-पंधरा मिनिटांनी तो उठून आला. तोंड उघडं, श्वास तोंडाने.

"आई, मी नंदी झालो."

"म्हणजे?"

"नंदीच्या नाकात असतं ना? माझ्या पण आहे."

उजव्या नाकपुडीत, बराच आत, शेंगदाण्याचा लाल टवका दिसत होता. वेसण! कुठल्याशा चित्रात बैलाच्या नाकातली दोरी पाहून त्याने तेवढं लक्षात ठेवलं होतं.

सासूबाई चिमटा आणायला उठल्या, मी नको म्हणाले. थोरली रडायला लागली. सासरे म्हणाले, तू नीघ, मी हिला बघतो. निघताना थोरलीने भावाच्या मुठीत अक्षता दिल्या, "टाकायच्या वेळी टाक" म्हणून. ती मूठ त्याने पुढचा दीड तास उघडली नाही.

रस्ते मिरवणुकीसाठी बंद. त्याला कडेवर घेऊन चालले. बंदोबस्तावरच्या एका पोलीसदादाने पोराचं तोंड बघितलं आणि न विचारता दोरी वर धरली. पलीकडे एक रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने कुठल्या कुठल्या बोळांतून नेलं ते मला सांगता येणार नाही. उतरल्यावर पैसे घेतले नाहीत, "भोगी आहे ताई, राहू द्या" म्हणाला. त्या रिक्षात मी एकच गोष्ट म्हणत होते: सिद्धरामा, आत जाऊ देऊ नकोस. स्तोत्र नाही, मंत्र नाही, दुसरं काही सुचलंच नाही.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत. त्यांनी बॅटरी मारून बघितलं. म्हणाल्या, "आधी एक उपाय करू, तो आईलाच करावा लागतो." मोकळी नाकपुडी त्या दाबून धरणार, मी त्याच्या तोंडावर तोंड घट्ट ठेवून एक जोराची फुंकर मारायची. बाहेर बाकड्यावर पाच-सहा जण होते, भिंतीवरच्या टीव्हीवर अक्षता सोहळा चालू होता. पहिल्या फुंकरीला काही झालं नाही. धाकटा म्हणाला, "आई, तुझ्या तोंडाला चहाचा वास येतोय." दुसरी फुंकर मारली.

शेंगदाणा सुटला तो थेट डॉक्टरबाईंच्या टेबलावरच्या वहीवर. आणि नेमकं त्याच क्षणी टीव्हीवर अक्षता पडल्या. बाहेरचे सगळे मोठ्याने म्हणाले, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" धाकट्याला वाटलं, झालं, आता टाकायच्या. त्याने मूठ उघडली आणि सगळ्या अक्षता डॉक्टरबाईंच्या डोक्यावर टाकल्या.

त्या केसांतले तांदूळ काढत म्हणाल्या, "अरे बाळा, माझं लग्न झालंय आधीच."

मला जे हसू आलं ते थांबेचना. पोटात दुखेपर्यंत. हसता हसता रडू आलं, मग परत हसू. बाकड्यावरच्या एक काकू शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू येईल इतक्या आवाजात, "पोरगं एवढं घाबरलंय आणि आईला हसू सुचतंय."

ते लागलं मला. लग्नाला ११ वर्षं झाली, दोन्ही बाळंतपणांच्या वर्षीसुद्धा मी अक्षता चुकवली नव्हती. या वर्षी चुकली. सकाळी पोरावर हात उगारलेला, दुपारी दवाखान्यात हसत सुटलेली. रात्री झोप लागली नाही.

तुम्ही अशा दिवशी काय करता? हसू आलं तर येऊ देता का? आणि देवाचं जे ठरलेलं ते पोरांपायी राहून गेलं, तर मनाची समजूत कशी घालता? खरंच विचारतेय.

---

ओपीडी_सिस्टर

ताई, आधी कामाचं. चिमटा नको म्हणालात ते फार योग्य केलंत. चिमटा, केसातली पिन, कापसाची काडी यांनी वस्तू आत ढकलली जाते. दाणा, हरभरा, वाटाणा ओलाव्याने फुगतो, म्हणून नाकात पाणी किंवा तेलही सोडायचं नाही. मुलाला उताणं निजवायचं नाही, बसतं ठेवायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. तुमच्याकडून करून घेतला तो उपाय जगभर वापरतात, त्याला आईचा मुकाच म्हणतात. मूल आईच्या तोंडाला घाबरत नाही, हे त्याचं अर्धं यश.

इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी आणखी एक. खेळण्यातली किंवा घड्याळातली चपटी बटणबॅटरी नाकात गेली तर एक मिनिटही थांबू नका, ती काही तासांत आतली त्वचा जाळते. आणि काही गेलेलं कळलंच नाही, पण एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत राहिला, तर सर्दी समजू नका, दाखवून घ्या.

सोलापुरात शेंगा घरोघरी, पण चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे पोरांच्या हातात देऊ नयेत. नाकापेक्षा श्वासनलिकेत जाण्याची भीती मोठी. कूट द्या, चटणी द्या.

हसण्याबद्दल. मी १९ वर्षं ओपीडीत आहे. धोका टळला की आया तीनच गोष्टी करतात. काही पोराला धपाटा घालतात, काही मटकन खाली बसतात, काही हसतात. पोरासाठी यातली कुठली बरी, ते तुम्हीच बघा.

शर्टांवर कोरडं बेसन किंवा टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा, झटकून भांड्यांच्या साबणाने डाग चोळा, मग धुवा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका, नाहीतर पक्का बसेल.

---

पेठेतला_आजोबा

सूनबाई, माझं वय ७४. तरुणपणी मीही नंदीध्वज पेलला आहे. एक गोष्ट सांगतो. तुमच्या घरी ती माहीत असेलच, पण या वेळी आईच्या बाजूने ऐका.

सिद्धराम लहान होता, रानात गुरं राखायचा. एके दिवशी तिथे एक जंगम आला. नाव सांगितलं मल्लय्या, गाव श्रीशैल. सिद्धरामाने त्याला हुरडा भाजून दिला. तो खाऊन जंगम म्हणाला, पोटात आग पडली, दहीभात आण. पोरगं धावत घरी. आईकडे, सुग्गलादेवीकडे, दहीभात मागितला. तिने दिला. पोरगं परत रानात गेलं तर जंगम नाही. मग "मल्लय्या, मल्लय्या" करत रडत ते श्रीशैलाच्या वाटेला लागलं.

आपण कीर्तनात पुढचं ऐकतो, श्रीशैलावर काय झालं ते. माझी आई मात्र या गोष्टीत दहीभातापाशी थांबायची. म्हणायची, त्या माउलीचा विचार करा. पोरगं गुरं सोडून धापा टाकत आलंय, कोण पाहुणा ते धड सांगता येत नाही, आणि दहीभात दे म्हणतंय. तिलाही त्या दिवशी घरात कामं असतीलच. पण तिने दिला. त्या दुपारी जंगमाच्या रूपात साक्षात मल्लिकार्जुन रानात आला होता आणि ती चुलीपाशी होती. तिला दर्शन झालं नाही. म्हणून तिची भक्ती कमी पडली, असं सोलापुरात आजवर कोणी म्हणालेलं मी ऐकलं नाही.

तुमची अक्षता चुकली असं मला वाटत नाही. ती टाकली गेली, वेळेवर टाकली गेली, फक्त डॉक्टरबाईंच्या डोक्यावर. आणि तुमच्या नातवंडाएवढ्या पोराने (माझ्या म्हणायचं होतं, माझ्या नातवंडाएवढ्या) तैलाभिषेक एकदाच बघून घरी केला. लिंगाखाली आसन पाहिजे हेही त्याला कळलं. त्याला रागवू नका हो. पुढच्या वर्षी त्याला एक छोटी वाटी तेल आणि एक वरवंटा काढून द्या.

---

अशोकचौक_अम्मा

माझं मराठी लिहिणं जेमतेम, नात टाईप करतेय. मी ३५ वर्षं विड्या वळल्या. रोज हजार विड्या पुऱ्या करायच्या आणि चार पोरं सांभाळायची. नारळी पौर्णिमेला आमचा मार्कंडेयाचा रथ निघतो. एका वर्षी रथ बघायला निघायचं तर तीन नंबरची पोरगी सापडेना. गल्ली पालथी घातली, विहिरीत वाकून बघितलं. विहिरीत बघताना माझे पाय कसे झाले होते ते मलाच माहीत. शेवटी भिजवलेली पानं झाकून ठेवली होती त्या गोणपाटाखाली सापडली. थंडगार लागतं म्हणून झोपली होती, गालाला तेंदूपान चिकटलेलं.

आम्ही बाया तिला बघून जे हसलो, ते रथ गल्लीतून निघून गेला तरी हसतच होतो. माझ्या अत्तानं, म्हणजे सासूनं, तिथूनच रथाला हात जोडले. एक हात पोरीच्या डोक्यावर, दुसरा कपाळाला. देवाला तेवढं पुरतं गं. त्या काकूंचं सोड. त्यांच्या पोराच्या नाकात दाणा नव्हता.

---

विजापूरवेस_अब्बू

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. हसणं चूक नाही, पण मुलाला विचारलंत का?

आमचा मुलगा सहा वर्षांचा होता. चाँदरातीला आम्ही ईदचं सगळं करून ठेवलं आणि याने शीरखुर्म्याच्या दुधात अख्खा पुडा मीठ टाकला. आईला मदत करायची होती, साखर समजून. दहा लिटर दूध. घर हसलं, मीही हसलो. तो मात्र गच्चीवर जाऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी ईदगाहला यायला तयार नाही. त्याला वाटलं, सगळे त्याच्यावर हसले. मी नमाजच्या आधी त्याच्याशेजारी बसलो आणि समजावलं, बेटा, आम्ही तुझ्यावर नाही हसलो, आम्ही घाबरलो होतो की आता पाहुण्यांना काय द्यायचं, आणि मग तुझं तोंड बघून ती भीती गेली म्हणून हसलो. मग आला. त्या वर्षी पाहुण्यांना शेजारच्या जोशीकाकूंनी शेवयांची खीर करून दिली.

तर ताई, त्याला सांगा तुम्ही का हसलात. आणि हात उगारला त्याबद्दलही एकदा बोला. चार वर्षांचं मूल विसरतं असं आपण म्हणतो. माझा मुलगा आज २२ चा आहे, त्याला ते मीठ आठवतं.

---

शिलाईवाली_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वाचून खूप रडले, हलकं वाटलं.

सिस्टर, बेसनाने १७ शर्ट स्वच्छ निघाले. पाच पुन्हा शिवतेय. कापड देणाऱ्यांना फोन करून खरं काय झालं ते सांगितलं. ते आधी गप्प, मग विचारलं, "अडुसष्ट झाले का पुरे?" दोन दिवस वाढवून दिले.

अब्बू, तुमचं वाचून मी उठलेच. धाकटा झोपायच्या तयारीत होता. त्याला म्हणाले, मी त्या दिवशी हात उगारला ते चुकलं. तो विचार करून म्हणाला, "मी पण तेल सांडलं." मग मी का हसले ते सांगितलं. भीती गेली म्हणून, तुझ्यावर नाही. त्याने विचारलं, "भीती कुठून गेली? नाकातून?" मी हो म्हणाले. मला तेच खरं वाटलं.

आजोबा, सुग्गलादेवीची गोष्ट मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून धाकट्यासाठी दहीभात कालवला. त्याने मागितलाही नव्हता.

आज सकाळी गर्दी कमी झाल्यावर आम्ही पाचही जण मंदिरात जाऊन आलो, सासरे तेवढे घरी राहिले. तळ्याच्या काठाने चालताना थोरलीने भावाचा हात एकदाही सोडला नाही. मी समाधीपुढे उभी राहिले तेव्हा मागायला काही उरलंच नव्हतं, फक्त त्या रिक्षावाल्या दादांचं नाव विचारायचं राहिलं, हे मनात आलं. त्यांच्यासाठी हात जोडले. त्या पोलीसदादांसाठीही.

निघताना पुजाऱ्यांनी धाकट्याच्या तळहातावर खडीसाखर ठेवली. त्याने ती नीट बघितली, तोंडात टाकली, आणि माझा पदर ओढून, तोंड उघडून मला दाखवली.

"आई, बघ. तोंडातच टाकली."